एएस: तीनही बॉल वर जातात, मग आरतीत दम का पुरत नाही?

दांडियाबाजारकर
३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, आधीच सांगतो.

बडोद्यात आमच्या वाड्यात दहा दिवसांचा गणपती असतो. विठ्ठलाच्या आरतीत एक शब्द सगळे दम संपेपर्यंत ताणतात आणि शेवटी कोण उरतो याची चढाओढ लागते, हे इथे कुणाला समजावायला नको. वीस वर्षं तरी तो शेवटचा आवाज माझा असायचा. काकामंडळी टाळ थांबवून बघत बसायची. यंदा मी तिसरा गळालो. शेवटून तिसरा नव्हे, पहिल्यापासून. भावाची मुलगी, वय अकरा, माझ्यानंतरही बराच वेळ चालू होती आणि वर माझ्याकडे बघून भुवया उडवत होती.

मी ४४ वर्षांचा. एएस, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, सूज येऊन पाठीचा कणा आखडत जाणारा आजार. सत्ताविसाव्या वर्षी सुरू झालं. कधी डाव्या कुल्ल्यात दुखायचं, कधी उजव्या. पहाटे चारला जाग यायची, उठून ओसरीत फेऱ्या मारल्या की बरं, पडून राहिलं की वाईट. सहा वर्षं 'स्लिप डिस्क' म्हणून पट्टा बांधून फिरलो. मग एकदा डोळा लालभडक झाला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनीच विचारलं, सकाळी पाठ आखडते का हो? तिथून रुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांच्या आजारांचे डॉक्टर), एचएलए-बी२७ ही रक्ताची तपासणी, एमआरआय, सगळी वरात. आता चार वर्षांपासून दर दोन आठवड्यांनी अडालिमुमॅब या सूज आवरणाऱ्या औषधाचं इंजेक्शन घेतो. पाठीची तक्रार जवळपास गेली. बूट स्वतः वाकून बांधतो, ज्यांना हा आजार आहे त्यांना याची किंमत कळेल.

म्हणूनच दम लागतो याचं नवल वाटलं. डॉक्टरांनी इको केला, एक्स-रे काढला, दोन्ही ठीक. स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजतात त्या तपासणीत, एफव्हीसी (पूर्ण भरून जोरात सोडलेली एकूण हवा) अपेक्षेच्या ६८ टक्के, एफईव्ही१ (त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी) आणि एफव्हीसीचं गुणोत्तर ८६ टक्के, खाली शेरा 'रिस्ट्रिक्टिव्ह'. म्हणाले, फुप्फुस चांगलं आहे, पिंजरा आखडलाय. चिठ्ठीवर 'ब्रीदिंग एक्सरसाइज' लिहून दिलं. कोणती, किती, ते विचारायचं राहिलं, बाहेर खच्चून गर्दी होती.

घरी बाबांच्या बायपासच्या वेळचं तीन बॉलचं यंत्र पडलं होतं, नळीतून श्वास आत ओढला की बॉल वर चढतात ते. नवी नळी आणून लावली. तिसऱ्या दिवसापासून तीनही बॉल टपाटप वर! मी खूश. पण जिना चढताना दम लागतो तो लागतोच.

तर विचारायचं असं. बॉल वर जातात म्हणजे छाती चांगली ना? नेटवर ते श्वासाच्या स्नायूंना व्यायाम देणारं दुसरं यंत्र दिसतं, आयएमटी म्हणतात, ते आपल्या आजारात कुणी वापरलंय का? किंमत ऐकून बायको म्हणाली, त्यापेक्षा बासरी घ्या. कमाटीबागेत सकाळी एक मंडळ जोरजोरात भस्त्रिका करतं, त्यांच्यात बसू का? आणि एक आखाड्यातले काका आहेत, मोडलेली हाडं बसवण्यात हात चांगला आहे म्हणतात. ते म्हणतात, पाठीवर गुडघा ठेवून एक झटका देतो, बरगड्या मोकळ्या होतील. मोह होतोय.

---

सुरसागर_संध्याकाळ
३ नोव्हेंबर, रात्री ११:१५

दादा, ४४ हे पण एक कारण असू शकतं हं :) गंमत करतोय. अनुलोम-विलोम रोज पंधरा मिनिटं करा, यंत्रबिंत्र काही नको. माझ्या साडूला खूप फरक पडला. त्याला दमा आहे, तुमचं वेगळं असेल तर माहीत नाही.

---

कारेलीबागची_मावशी
४ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

दादा, ते बॉलचं कोडं मलाही वर्षभर सुटलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी ५१ वर्षांची, एएस बावीस वर्षांपासून. त्यातली पहिली आठ 'बाळंतपणाची पाठ' या खात्यात जमा झाली, कारण हा पुरुषांचा आजार अशी समजूत. तो राग पुन्हा कधीतरी काढीन.

यंत्रावर ६००, ९००, १२०० छापलंय ना, त्याच्यापुढे बारीक अक्षरात बघा, सीसी पर सेकंद. म्हणजे तो वेग आहे. किती हवा आत गेली ते बॉल सांगतच नाही, किती जोरात ओढली एवढंच सांगतो. आपल्या आजारात श्वासनळ्या मोकळ्या असतात. वाट रुंद आहे, कोठार तेवढं लहान झालंय. झटका मारून ओढलं की तीनही बॉल उडणारच, आणि दोन-अडीच सेकंदांत कोठार भरलं की धपकन खाली. तुमच्या रिपोर्टमधलं ते ८६ हेच सांगतंय. उद्या असं करून बघा: फक्त पहिला बॉल वर ठेवायचा, दुसरा हलता कामा नये, आणि सेकंद मोजायचे. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा तीन आले. तीन! आणि मी वर्षभर तीन बॉल उडवून सुनेला दाखवत होते.

कोठार लहान का होतं, ते मला फिजिओने बादली दाखवून समजावलं. बादलीची कडी वर उचलली की कशी बाहेर फाकते? बरगड्या तशाच फाकतात. पाठीमागे मणक्यांशी प्रत्येक बरगडीचे लहान सांधे असतात, पुढे छातीच्या हाडाशी असतात. आपल्या आजाराची सूज तिथेही जाते आणि कडीचे कानच गंजतात. मग सगळा भार पोटाच्या पडद्यावर, डायाफ्रॅमवर येतो. आपण पोटाने श्वास घेणारी माणसं होतो. म्हणून रविवारी श्रीखंड-पुरी झाल्यावर दम जास्त लागतो, पडद्याला खाली उतरायला जागाच नसते. मला वाटायचं गॅसेस. किती ओवा खाल्ला असेन!

आता आयएमटी. हो, मी केलंय, दीड वर्ष झालं. ती एक हातभरही नाही अशी प्लॅस्टिकची नळी असते, आत स्प्रिंगवर बसवलेली झडप. ठरवलेल्या जोराइतकं ओढल्याशिवाय झडप उघडतच नाही. हळू ओढा नाहीतर भरभर, तिथे लबाडी चालत नाही. सुरू करण्याआधी तोंडाने ओढण्याचा जास्तीत जास्त जोर मोजतात, त्याला एमआयपी म्हणतात. माझा ५८ सेंटिमीटर पाणी (हे दाबाचं माप) निघाला. त्याच्या ३० टक्के, म्हणजे साधारण १७ वर नळी लावून दिली. सकाळी ३० श्वास, संध्याकाळी ३०. ऐकायला काहीच नाही. पाचव्या-सहाव्या श्वासाला कळतं. दर आठवड्याला सोसेल तसं थोडं वाढवायचं, आठ आठवड्यांत मी ३० वर आले.

त्या आठ आठवड्यांत टेप जागची हलली नाही. छाती आधीही दोन सेंटिमीटर फुगायची, नंतरही दोनच. मी चिडून फिजिओला म्हटलं, पैसे पाण्यात. ती म्हणाली, मावशी, नळीने स्नायू तयार होतात, गंजलेले कान तिने सुटत नाहीत, त्यासाठी तुम्ही ताणाचे व्यायाम करत नाही आहात. खरं होतं. मी नळीवर सगळं सोडून सकाळचे व्यायाम बंद केले होते. पण एमआयपी ७४ झाला होता, आणि स्टेशनचा पूल मी न थांबता चढले. आधी मी मधल्या लँडिंगवर 'गाडी दिसते का बघते' असा आव आणून उभी राहायची. मुलाला ते माहीत होतं, हे त्याने त्या दिवशी सांगितलं.

टेप पुढे हलली, पण ती ताणामुळे. पाठीखाली लांबट गुंडाळी केलेला टॉवेल घालून पडायचं, हात डोक्यावरून मागे सोडायचे आणि बरगड्यांच्या बाजूंना, पोटात नव्हे, श्वास भरायचा. दोन तळवे बरगड्यांवर ठेवले की कुठे भरतोय ते कळतं. पाच महिन्यांनी २.६ आली.

माझ्या चुका, म्हणजे तुम्ही नव्या करा: आरशासमोर न बसता केलं, तर मानेचे दोर ताठ आणि खांदे कानाला, म्हणजे काम मान करत होती. भरभर ३० श्वास उरकले, चक्कर आली, ओठांना मुंग्या. आत ओढताना जोर, बाहेर सोडताना सावकाश, मध्ये हवं तर थांबायचं. आणि सर्दी असताना हट्टाने केलं, कानाला दडे बसून तो दोन दिवस दुखला.

---

फिजिओ_अलकापुरी
४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मावशींनी माझं काम सोपं केलं. राहिलेलं घाईत लिहितो.

आखाड्यातल्या काकांना नमस्कार करा आणि पाठ मात्र देऊ नका. एएसमध्ये मणके एकमेकांना जुळत जातात आणि आतून हाड ठिसूळ होतं. असा कणा वाकत नाही, खडूसारखा मोडतो, साध्या पडण्यानेही मोडतो. काकांचा हात कितीही चांगला असो, ही पाठ झटक्याची नाही. मालिशवाला, मणके कडकड मोडणारा कायरोप्रॅक्टर, सगळ्यांना हेच लागू.

छाती घरी मोजता येते. शिवणाची टेप, चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या पातळीला, म्हणजे पुरुषांत साधारण स्तनाग्रांच्या रेषेत. हात डोक्यावर किंवा डोक्यामागे. पूर्ण श्वास सोडून एक आकडा, पूर्ण भरून दुसरा, वजाबाकी. दोनदा करून जास्त येईल तो धरा. तरुण माणसात सहज पाचच्या पुढे जातो. २.५ च्या खाली गेलं की छाती आखडली असं जुन्या निकषांपासून मानत आले आहेत. महिन्यातून एकदा, त्याच वेळी मोजा, रोज मोजून जीव जाळू नका. आणि सकाळी उठल्याउठल्या मोजू नका, तेव्हा सगळेच आखडलेले असतात.

आयएमटीबद्दल पुरावा विचाराल तर आहे, पण थोडा. रोमानियातल्या एका चाचणीचे निकाल २०१६ साली छापून आले. एएसचे ५४ रुग्ण, आठ आठवडे. एक गट नेहमीचे व्यायाम करणारा, दुसरा नेहमीचे व्यायाम अधिक आयएमटी. दुसऱ्या गटाची छाती जास्त फुगली, श्रम करताना ऑक्सिजन वापरायची क्षमताही जास्त वाढली. यातला 'अधिक' हा शब्द महत्त्वाचा. नुसती नळी कुणालाच दिली नव्हती. मावशींच्या टेपचं उत्तर तिथेच आहे.

नळी घेण्याआधी छातीचा एक्स-रे बघून घ्यावा लागतो, तुमचा झालाय ते बरं. एएसमध्ये क्वचित फुप्फुसाच्या वरच्या टोकाला चट्टे आणि पोकळ्या होतात, एक्स-रेवर टीबीसारख्याच दिसतात. तिथे जोरात ओढण्याचा खेळ नको. पूर्वी कधी फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, कानाचा पडदा फाटला असेल, तरी नको. भस्त्रिकेबद्दल: ती वेगाची गोष्ट आहे, तुमची अडचण वेगाची नाहीच. बागेत जा, मंडळाच्या शेजारी बसून सावकाश लांब श्वास घ्या, कुणी काही म्हणणार नाही. सिगारेट असेल तर आधी ती, मग बाकी सगळं. बासरी मात्र वाईट नाही.

---

दांडियाबाजारकर
५ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

काय बोलू. काल रात्री बायकोची टेप घेऊन बसलो. पहिल्यांदा २.१, मग २.२. बायकोला वाटलं मी टेप घट्ट धरतोय, म्हणून तिने स्वतः धरली, २.२ च. मग तिने स्वतःची मोजली, साडेपाच. मग भावाच्या मुलीने हट्ट केला, तिची सहा! आरतीचा निकाल टेपवर आधीच लिहिलेला होता म्हणायचा.

पहिला बॉल एकटा: चार सेकंद. दुसरा हलू न देणं हेच अवघड, पठ्ठ्या लगेच नाचायला लागतो.

काकांना फोन केला. म्हणाले, डॉक्टर लोक घाबरवतात. मी म्हटलं, काका, खडू. ते हसले.

सिगारेट कॉलेजात होती, सुटली. मावशी, ओव्याचं वाचून हसू आलं, माझ्याकडेही हिंगाष्टकाचे दोन डबे संपलेत.

---

मकरपुरा_पूल
७ नोव्हेंबर, रात्री ८:२०

मीही एएसवाला, वय ३६. यंत्र नाही वापरलं, पण पोहतो. मान फिरत नाही म्हणून बाजूला तोंड करून श्वास घेता येईना, तर कोचने स्नॉर्कल लावायला सांगितलं. लालबागच्या तरणतलावावर पोरं 'पाणबुडी आली' म्हणून ओरडायची, आता सवय झाली त्यांना. पाणी छातीवर चारी बाजूंनी दाबतं, त्याच्याविरुद्ध श्वास भरायचा, म्हणजे बरगड्यांना फुकटचा व्यायाम. फक्त हिवाळ्यात पाणी गार असतं, अंग आखडतं, तेव्हा मी दोन महिने सुट्टी घेतो आणि त्या दोन महिन्यांचं पाप एप्रिलपर्यंत फेडतो.

---

दांडियाबाजारकर
१६ जानेवारी, रात्री ९:१०

मंडळी, विसरलो नाही.

नळी घेतली. इथल्याच एका फिजिओंनी एमआयपी मोजला, ६२. सुरुवात १८ वर केली, आता ३२ वर आहे. दहा आठवड्यांतले साडेआठ धरा. एक आठवडा सर्दी (मावशी, तुमचा कान आठवला, हात लावला नाही), आणि बाकी लग्नाच्या पंगती. नळीबरोबर टॉवेलवर पडणं आणि ताणाचे व्यायाम रोज वीस मिनिटं, ते मात्र लग्नातही सोडले नाहीत. नवऱ्याच्या खोलीत पालथा पडलेला मामा बघून व्याहीमंडळी काय समजली ते विचारू नका.

परवा पुन्हा मोजलं. एमआयपी ७९. टेप २.५. स्पायरोमेट्री सहा महिन्यांनी करायची म्हणाले. पहिला बॉल पाच सेकंद, रोज नाही, पोट रिकामं असेल तेव्हा. तीनही बॉल पूर्वीसारखेच उडतात, त्यांना काही फरक नाही.

उत्तरायणाला अगाशीवर गेलो. मान वर होत नाही, त्यामुळे गेली काही वर्षं मी खाली बसून नुसता फिरकी धरायचो. यंदा सतरंजी टाकून उताणा पडलो, टॉवेल पाठीखाली होताच. सगळं आभाळ समोर. व्यायाम आणि पतंग एकाच वेळी. भावाच्या मुलीने हातात पिपाणी दिली, म्हणाली काका, वाजव. बाजूच्या अगाशीवर पतंग कापला तेव्हा वाजवली. ती घड्याळ लावून बसली होती. सात सेकंद. तिचे अकरा. पण पुढचा गणपती येईपर्यंत तिचाही कंटाळा येईल असा माझा अंदाज आहे.

जिन्याचं: आमचा तिसरा मजला. आधी दुसऱ्यावर थांबायचो, आता वर जाऊन थांबतो. चावी शोधतोय असं दाखवतो.

---

सुरसागर_संध्याकाळ
१६ जानेवारी, रात्री ९:४०

भारी! साडूला वाचायला पाठवलं. एक विचारू? नळी वापरताना नाकाला ती क्लिप लावतात ती कुठे मिळाली? दोन दुकानं फिरलो, नाही म्हणाले.

---

कारेलीबागची_मावशी
१६ जानेवारी, रात्री १०:०२

साडूला दमा आहे ना, त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नळी घेऊ नका. क्लिपचं म्हणाल तर मी कपडे वाळत घालायचा चिमटा वापरते. आत भांडी घासायच्या स्पंजचे दोन तुकडे चिकटवायचे, नवीन स्पंजचे. स्प्रिंग कडक असेल तर एक रात्र जाड वहीला लावून ठेवा, सैल होते. लाकडी घेऊ नका, नाकाला कुसळ जातं.

---

दांडियाबाजारकर
१६ जानेवारी, रात्री १०:१५

माझा निळा आहे. बायकोला अजून माहीत नाही दोरीवरचा एक कमी का होतो.